दानियलतात्यांचा पातळ पाव

आमचे जावई अमेरिकेहून आले की घरात काहीतरी नवं खूळ येतंच. मागच्या खेपेला बियर घरी करायचं सामान आलं. एक डबा, एक पुडी, रबरी नळी आणि सोबत जाडजूड पुस्तक. चहाच्या वेळी जावई मुलीला समजावून सांगत होते की याच्या तीन रीती असतात. डब्यातला तयार अर्क पाण्यात कालवायचा, नाहीतर धान्यापासून सगळं आपलं आपण करायचं, नाहीतर निम्मं हे आणि निम्मं ते. मग पहिल्यांदा करणाऱ्यानं कुठली रीत धरावी? मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "डब्याची करा. दाण्याची करायची तर तीन वर्षं हाताशी पाहिजेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिकच आहे. ज्या माणसानं उभ्या जन्मात ताडीसुद्धा चाखली नाही, चतुर्थी कधी चुकवली नाही, त्याला हे ज्ञान कुठलं? हिनं तर चष्मा काढून बघितलं. मी म्हटलं, नोकरीत शिकलो, आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. सांगायचं म्हणजे दानियलतात्यांपासून सांगावं लागलं असतं, आणि आता तेवढं बोलायचं तर दम लागतो. लिहिताना निदान मधे थांबता येतं.

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या छावणीत गोऱ्या सार्जंटांच्या मेसवर कारकून होतो. मेस म्हणजे त्यांची खाणावळ. काय आलं, काय संपलं, कुणाचं टपाल गेलं, ते लिहायचं. घरात तीन पिढ्या पंचांग आणि पोथी, त्यामुळे वडील महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. अंडी आणि हॅम यांची नावं मी इतक्या वेळा लिहिली आहेत की ती खाल्ल्याचंच पाप लागायला हवं. असो. या मेसला पाव यायचा तो भिंगारहून, दानियलतात्यांच्या भट्टीतला.

तात्या उंच, पण भट्टीच्या तोंडाशी वाकून वाकून पाठीत पोक आलेला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नाही, सगळे भट्टीनं खाल्लेले. भुवयांत कायम पीठ. मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेले, त्यामुळे बोलणं मोठं गमतीचं. निम्मं आपलं गावाकडचं, आणि मधेच एखादा शब्द बायबलातला. "खचित सांगतो भाऊसाहेब, आज पीठच खराब हाय," असं. आणि कुठलीही गोष्ट सांगा, तह होणार म्हणतात, साखरेचं रेशन वाढणार म्हणतात, माझं लग्न ठरतंय म्हणतात, तात्यांचं उत्तर एकच. "आदी फुगू द्या."

पावाचं खमीर त्यांनी एका गाडग्यात जपलं होतं. ते त्यांना त्यांच्या सासऱ्यांकडून मिळालेलं, म्हणजे त्या घरात लेकीबरोबर खमीरही आलं. थंडीत ते गाडगं तात्या गोधडीत घेऊन निजायचे. त्यांच्या बायकोनं, रूथबाईंनी, मला एकदा तोंडावर सांगितलं होतं, "माज्यापरास त्या गाडग्यालाच ऊब जास्त." तात्यांनी गाडग्यावरचं फडकं तेवढं सारखं केलं.

त्यांना एकच मुलगा. नाव शांतवन, म्हणजे आपलं सांत्वन. मोटार हाकायला शिकला, फौजेत भरती झाला आणि बोटीवर चढून गेला. सिंगापूर पडलं त्यानंतर कितीतरी दिवसांनी तात्यांच्या घरी छापील कागद आला. तो घेऊन ते माझ्याकडे आले. मी वाचला. आता हे मराठीत कसं सांगायचं? मी म्हटलं, "तात्या, शांतवन बेपत्ता आहे असं लिहिलंय."

त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, "बेपत्ता म्हंजे पत्ता न्हाई, येवढंच ना? मानूस न्हाई, असं तर लिव्हलं न्हाई?"

मी म्हटलं, नाही, तसं लिहिलेलं नाही.

"मंग पत्ता काढायचा," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

तेव्हापासून त्या माणसाला दुसरं काम उरलं नाही. पाव भाजायचे, भट्टी सारवायची, हे सगळं चालू होतं, पण डोकं त्या एका पत्त्यामागे. येईल त्या फौजी माणसाला विचारायचे. माझ्याकडून तीन अर्ज लिहून घेतले. एकाचंही उत्तर आलं नाही.

आमच्या मेसवर एक थोराड सार्जंट होता. उन्हानं सोलून निघालेला, म्हणून आम्ही नोकरमंडळी त्याला तांबडोबा म्हणायचो. लढाईमुळे विलायती बियर यायची बंद झाली आणि तांबडोबाचा जीव कासावीस झाला. त्याची आई म्हणे गावाकडे घरीच बियर करायची. त्यानं आईला लिहून कृती मागवली. ती आली. आता खमीर हवं, म्हणून स्वारी मला दुभाष्या करून भिंगारला, तात्यांच्या भट्टीवर.

तात्यांनी तरुणपणी देवळात सगळ्यांसमोर उभं राहून दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेली. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक देऊळच म्हणायचे. त्यांनी सरळ मान हलवली, नाही म्हणून. मग तांबडोबानं भिंतीवरचा शांतवनचा वर्दीतला फोटो बघितला. कोण, काय, विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, वरच्या कचेरीत माझा एक दोस्त आहे. तू मला बियर करून दे, मी त्याला पत्र घालून तुझ्या पोराचा तपास लावतो.

मी हे भाषांतर करताना मला स्वतःचीच लाज वाटली होती, खोटं कशाला सांगू. तात्यांनी हातातलं पीठ झटकलं. "त्याला सांगा, करतो. पन मी चाखनार न्हाई."

त्या संध्याकाळी पिठाच्या पोत्यांवर बसून मी त्यांना तांबडोबाच्या आईचं पत्र वाचून दाखवलं. तेव्हा ह्याच तीन रीती. मेसच्या कोठीत विलायती अर्काचे चार डबे शिल्लक होते, काकवीसारखे दाट. ते गरम पाण्यात कालवून, साखर घालून, खमीर सोडलं की काम झालं. तांबडोबाचं म्हणणं, निम्मा डबा आणि निम्मं धान्य करा, म्हणजे डबे पुरतील. मी आपला आळशी माणूस, म्हटलं डब्याचीच करा आणि मोकळे व्हा. गूळ घालूनही होईल, असाही एक शहाणपणा मी सांगितला, कारण गूळ आमच्याकडे मुबलक.

तात्यांनी गुळाचं ऐकूनच घेतलं नाही. "गुळाची झाली हातभट्टीची. दान्याची केली तर तो पाव हाय. पातळ पाव." हे त्यांनी इतक्या ठासून सांगितलं की ते मला सांगत नव्हते हे माझ्या लक्षात आलं. मग डब्यांचं. ते म्हणाले, "चार डबे किती दिस पुरत्याल? दोन महिनं. डबा सरला का सायबाची गरज सरली. गरज सरली का कागद थांबला. सिंगापूर काय हितं हाय? पत्र जायला, यायला लई काळ लागंल. आपल्याला सरनार न्हाई अशी रीत पायजे."

म्हणून दाण्याची रीत. सगळ्यांत लांबची, सगळ्यांत कष्टाची. बियर कशी लागते याचा त्या ठरवण्यात कुठंच संबंध नव्हता. आमच्या दोघांत तर चव ठाऊक असलेला माणूसच नव्हता.

आणि पहिलाच घोळ माझ्या हातून झाला. पत्रात होतं बार्ली. मी मराठी केलं सातू. कोशात तेच आहे. तात्या दाळमंडईत गेले आणि सातू मागितले. आता आमच्याकडे सातू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते सातूचं पीठ, गूळ घालून खायचं. दुकानदारानं पीठ करायला म्हणून भाजून ठेवलेले दाणे मोजून दिले. तात्यांनी ते मोड आणायला भिजवले, ओल्या पोत्यात बांधले, दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं. चार दिवस झाले तरी मोडाचा पत्ता नाही. पाचव्या दिवशी वास सुटला. रूथबाईंनी एक दाणा दाताखाली धरला आणि हसत सुटल्या. भाजल्या दाण्याला मोड आणायला निघालेत, म्हणाल्या, एक शिकलेला आणि एक पाववाला.

शांतवनचा कागद आल्यापासून त्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. पुढेही फारशा नाही.

कच्चे सातू अखेर मिळाले ते फौजेच्या खेचरांच्या चंदीत. तांबडोबानं चिठ्ठी दिली, पोतं आलं. मोड आणायचं काम रूथबाईंचं, कारण ते जन्मभर मटकीला केलेलं. मोड दाण्याएवढा झाला की थांबवायचं, नगरच्या उन्हात वाळवायचं, भट्टी निवत आली की आत शेकायचं आणि जात्यावर भरडायचं. मग गरम पाण्यात. किती गरम? तांबडोबाच्या आईनं आकडा लिहिला होता, पण मोजायला यंत्र कुठं होतं? तात्यांनी हात बुडवून ठरवलं. तीन मोजेपर्यंत हात राहिला, चौथ्याला काढावा लागला, की ठीक. विलायतेत कडूपणाला कसलीशी फुलं घालतात, ती इथं कुठून येणार? काष्ठौषधींच्या दुकानातून काडेचिराईत आणलं. पहिल्या खेपेला ते इतकं पडलं की तांबडोबा पेला ठेवून म्हणाला, या मेसवर आता हिवताप येणार नाही. पण प्यायला. पुढच्या खेपेला चिराईत निम्मं झालं, आणि त्याच्या पुढच्या खेपेला तो काही न बोलता दुसरा पेला भरून घेऊन गेला. तात्यांना तेवढं पुरे होतं.

स्वतः मात्र चाखली नाही म्हणजे नाही. पिंपाला कान लावायचे. "बोलतंय," म्हणायचे, नाहीतर "निजलंय." वासावरून आणि कानावरून त्या माणसानं तीन वर्षं बियर केली. आणि त्या तीन वर्षांत देवळात प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे पाव आणि द्राक्षरस देतात तेव्हा, उठून पुढे गेले नाहीत. मागच्या बाकावर बसून राहायचे. कुणी बंदी केली नव्हती. त्यांची त्यांनीच करून घेतली होती.

देवळातलाच एक प्रसंग. भट्टी देवळाच्या मागच्या गल्लीत. एप्रिलचा रविवार, पाळकसाहेबांचा उपदेश चाललेला, आणि मागे फाडकन् बार झाला. मग दुसरा. मग लागोपाठ पाचसहा. बायकांनी पोरं पोटाशी धरली, कुणाला वाटलं जपानी आले. भट्टीवर भरून ठेवलेल्या बियरच्या बाटल्या उकाड्यानं फुटत होत्या. तात्या मागच्या बाकावरून उभे राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, भिऊ नका. त्ये माजं हाय."

काय तुझं, हे साऱ्या भिंगारला ठाऊक होतं, पण असं उभं राहून कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब भट्टीवर गेले. काय बोलणं झालं ते रूथबाईंनी मला नंतर सांगितलं. पाळकांनी विचारलं, हे कशापायी? तात्या म्हणाले, पोराच्या पत्त्यापायी. पाळकसाहेबांनी एक पाव विकत घेतला आणि ते गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

लढाई संपली. सिंगापूरकडचे कैदी हळूहळू परत यायला लागले. तिसगावचा एकजण आल्याचं कळलं तशी तात्यांनी भट्टी बंद ठेवली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तिसगाव गाठलं. तो पोरगा हाडांचा सापळा होऊन आलेला. त्याच्या दारात दिवसभर बसले. संध्याकाळी तो एवढंच बोलला की आपल्या छावणीत या नावाचं कुणी नव्हतं. तात्या परत आले आणि मला म्हणाले, "म्हंजे दुसऱ्या छावनीत आसंल." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता मला जे सांगायचं आहे ते. मेसचं बाहेर जाणारं सगळं टपाल माझ्या हातून जायचं, हे वर लिहिलंच आहे. तांबडोबानं शांतवनसाठी एकही पत्र कधी लिहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी वाट बघितली, आज लिहील, उद्या लिहील. मग त्याला एकदा आडून विचारलं, तर तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, या आठवड्यात नक्की. माणूस वाईट नव्हता. आळशी होता, आणि पुढे त्या आळसाची त्याला शरम वाटू लागली, आणि शरमेनं आणखी राहून गेलं. आणि मी? मी तीन वर्षं गप्प. नोकरीची भीती, आणि तात्यांच्या तोंडाकडे बघायची त्याहून जास्त. शेवटी तिसगावहून ते आले त्या आठवड्यात मला राहवेना. भट्टीवर गेलो. ते पिंपाला कान लावून बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कान काढला नाही. "ठावं हाय मला," म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून?

"पैल्याच वर्सापासनं. तुमी दर आठवड्याला माज्याकडं बघायचं टाळायचा, भाऊसाहेब. पत्र गेलं आस्तं तर तुमी सांगितलं आस्तं की."

मी म्हटलं, मग हे सगळं कशासाठी? एवढे हाल, ती शपथ, तो मागचा बाक?

तेव्हा ते सरळ बसले. म्हणाले, घरात शांतवनचं नाव काढायचं नाही असं रूथबाईंनी सांगितलंय. तिला सोसत नाही, तिचं चुकत नाही. देवळात पहिल्या वर्षी प्रार्थनेत नाव घ्यायचे, मग ज्यांची पोरं आली त्यांची नावं गळली आणि त्यांच्यासंगं ह्याचंही गळलं. गल्लीतले लोक विषय बदलतात. "पन शनवारी मी पिंप घिऊन मेसवर गेलो का तो सायेब पेला भरायच्या आदी इचारतो, शँटीचं काही कळलं का? नाव बी धड घेता येत न्हाई त्याला. पन इचारतो. मी म्हनतो, आजून न्हाई. इचारनारं कुनी हाय तवर आजून न्हाई, असं तर म्हनता येतं. कुनी इचारलंच न्हाई, मंग काय म्हनू?"

मला रडू आलं. तात्यांनी मला पाणी दिलं आणि पुन्हा पिंपाला कान लावला.

पुढं तांबडोबा विलायतेला गेला. जायच्या दिवशी त्यानं तात्यांचा हात धरला तो गाडी निघेपर्यंत सोडला नाही. मेस आवरली. मला नगरच्याच पुरवठा कचेरीत चिकटवून घेतलं. पहिल्याच शनिवारी संध्याकाळी तात्या आमच्या दारात. हातात फडक्यात बांधलेला पाव. बसले, चहा घेतला, पिठाच्या भावाचं बोलले. उठायचं नाव घेईनात. मला कळायला जरा वेळ लागला. मग मी विचारलं, "तात्या, शांतवनचं काही कळलं का?"

"आजून न्हाई," ते म्हणाले आणि उठले.

तेव्हापासून दर शनिवारी. दीडदोन वर्षं तरी. लग्न होऊन आलेल्या हिला आधी कळेना, हा पाववाला येतो काय, मी तेच तेच विचारतो काय, तो तेच तेच सांगतो काय. मी तिला कधी समजावून सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कंटाळा यायचा. एखादा शनिवार असा असतो की माणसाला कुणाचं काही नको असतं. पण विचारायचो.

मग माझी पुण्याला बदली झाली. निघायचं ठरलं तो दिवसही नेमका शनिवार, पण बांधाबांधीत वाराचं कुणाला भान होतं? मोटारस्टँडवर गर्दी, ट्रंका टपावर चढवताना हमालाशी हुज्जत, हिच्या कडेवर मुलगी रडतेय. तात्या भिंगारहून चालत आले होते. पाव हिच्या हातात दिला आणि बाजूला उभे राहिले. मी मधेच म्हटलं, "तात्या, ऊन लागतंय, निघा आता."

"निघतो की," म्हणाले. पण हलले नाहीत. मी पुन्हा हमालाकडे वळलो. मोटार सुरू झाली तसे ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "मंग, दुसरं काई?"

मी म्हटलं, "नाही तात्या, झालं सगळं."

त्यांनी मान हलवली. मोटार सुटली. वळणापर्यंत ते तिथंच उभे दिसत होते, हात न हलवता. नगरच्या वेशीबाहेरचं केडगाव आलं तेव्हा मुलगी झोपली, जरा शांत झालं, आणि हिनं विचारलं, आज वार कुठला हो? शनिवार, मी म्हणालो, आणि मग माझ्या ध्यानात आलं. मोटार तिथं थांबली होती, दोन माणसं उतरत होती. मला उतरता आलं असतं. मी उतरलो नाही.